तीन हजारावरच्या तीन टिकल्या

देव्या, कार्ड उघडलं. अठरा दिवस लागले.

रोज सकाळी गॅरेजचं शटर वर करायचो, ड्रॉवर ओढायचो, नखाएवढं ते कार्ड जागेवर आहे का बघायचो आणि ड्रॉवर परत ढकलून द्यायचो. मी किती भित्रा आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? ग्रीसच्या डब्यामागून विंचू निघाला की टेबलावर चढायचो मी, आणि चप्पल घेऊन त्याच्यामागे लागायचास तू. त्या कार्डात तुझ्या शेवटच्या फेरीची बावीस मिनिटं होती. त्यातून काय निघेल, याची मला विंचवापेक्षा जास्त धास्ती होती.

निकाल आधी सांगून टाकतो. वाईट काही निघालं नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की तू हेच म्हणायचास, "पयले निकाल सांग, मंग कारण सांग. मानसाच्या जिवाला घोर नको." म्हणून तुलाही आधी निकाल. आता कारण ऐक, आणि मधे तोंड घालू नकोस. तसंही आता घालता येणार नाही, पण सवयीनं सांगतो.

सगळी भानगड त्या राखाडी गाडीपासून सुरू झाली. वारंगा फाट्यावर आपण गॅरेज टाकलं त्या दिवशीच वाटणी ठरली होती: लोखंड तुझं, वायर माझी. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो यांच्या पोटात हात तू घालायचा. स्कॅनर, सेन्सर, लॅपटॉप मी बघायचं. त्याआधी दहा वर्षं तू सेनगावच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप हाकलीस. आत दहा माणसं, मागं लटकलेली चार, टपावर पोती. त्या दहा वर्षांत तुझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती. "एकदा तरी रिकाम्या गाडीत, एकट्यानं पळायचंय." पंचेचाळिशी ओलांडल्यावर ती टर्बो गाडी कुठून तरी जुनी उचलून आणलीस, माझ्यासमोर उभी केलीस आणि म्हणालास, "पक्या, हिला जरा शिकव."

मी शिकवली. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो. किती कोंबायची आणि ठिणगी कधी टाकायची, हे गाडीच्या कंप्युटरातल्या मॅपमध्ये लिहिलेलं असतं. तो मॅप मी बदलला. हवा थोडी जास्त, ठिणगी थोडी आधी. पहिल्या दिवशी बाळापूरच्या रस्त्यावर तू एक्सलेटर दाबलास आणि असा काही ओरडलास की शेजारी बसलेला मी देवाचं नाव घ्यायला लागलो, आणि आमच्या घरात तर देवच नाही. दीड वर्ष तू राजासारखा फिरलास. ते दीड वर्ष तुला मिळालं, याचा मला आज फार आधार वाटतो.

होळीनंतर गाडी मरगळली. लॅपटॉप लावला तर नॉकची रेघ वर. आता हे तुला काय सांगायचं, पण कुणी परका वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. सिलिंडरातलं पेट्रोल आपली पाळी यायच्या आत एखाद्या कोपऱ्यात आपोआप भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यात हातोडा घातल्यासारखा ठोका बसतो, तो नॉक. ट्यून केलेल्या टर्बो गाडीत सगळ्यात भीती त्याचीच. दुर्लक्ष केलं तर एक दिवस पिस्टन फुटतो. तो ठोका ऐकायला इंजिनाच्या अंगाला एक वाटोळा सेन्सर बोल्टनं आवळलेला असतो. त्याला ठोका ऐकू आला की कंप्युटर घाबरून ठिणगी मागं ओढतो आणि गाडीतला दम जातो. आपल्या गाडीत तीन हजार आरपीएमला ती रेघ दर वेळी ताडकन उभी राहायची.

पहिल्याच दिवशी मला वाटलं, चूक माझ्या मॅपची आहे. हे मी तुला एकदाही बोललो नाही. उलट तुझ्यावर ढकललं. मिळेल ते पेट्रोल टाकतोस म्हणालो, तर तू थेट नांदेडहून भारीतलं पेट्रोल भरून आणलंस. रेघ तिथंच. प्लग बदलले. हवा थंड करणाऱ्या जाळीत अडकलेला कचरा तू दाताच्या ब्रशनं काढत बसलास. रेघ तिथंच. मग एक दिवस तू जेवायला गेलेला असताना मी गुपचूप ठिणगी दोन अंश मागं घेतली. रेघ तरीही तिथंच.

इथं मी थांबायला पाहिजे होतं. खरा नॉक ठिणगी मागं घेतली की कमी होतोच. कमी झाला नाही, म्हणजे तो नॉकच नव्हता. हे मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे. पण मला माझी चूक झाकायची होती, त्यामुळं समोर दिसत होतं ते मी बघतच नव्हतो.

वरून थट्टा. गाडीत आपण लॉगर बसवला होता, म्हणजे धावत्या गाडीचा वेग, आरपीएम, नॉक सगळं बारक्या स्क्रीनवर दाखवणारा आणि कार्डावर टिपून घेणारा डबा. तू प्रत्येक फेरीनंतर कार्ड आणून द्यायचास आणि मी ती फाईल लॅपटॉपवर घेऊन तिला नाव द्यायचो. 'देव्या चूक १'. मग 'देव्या चूक २'. चौदापर्यंत गेलो. तू खुर्चीच्या पाठीवर हात टेकून ते वाचायचास आणि म्हणायचास, "एखादी फाईल तुझ्या नावानं बी काढ की रे."

तुझी तपासणी तुझ्या पद्धतीची. शेतातली ठिबकची नळी हातभर जास्तच कापून आणलीस. तुझ्या याडीनं, म्हणजे आईनं, त्यावरून तांड्यात जो उद्धार केला तो मी पण ऐकला. नळीच्या एका टोकाला तांब्याचा चपटा तुकडा लावून तो इंजिनाला घट्ट बांधायचास, दुसरं टोक बोनेटच्या फटीतून काढून खिडकीतून आत घ्यायचास आणि कानात खुपसायचास. अशा थाटात तू फाट्यावरून निघालास की चहावाला हात जोडायचा, "डाक्टरसाहेब निघाले." तुला त्याचं काही नव्हतं. परत आलास की सांगायचास, "पक्या, नळीत नॉक न्हाई. सक्रीनवर रेघ वर जाऊन राहिली, पन कानाला काई न्हाई. अन् उभ्या गाडीत बी जाते."

"उभ्या गाडीत नॉक होत नसतो," मी म्हणायचो. "इंजिनावर ओझंच नसतं तर ठोका कुठून येणार?"

"मी तेच म्हनून राहिलो."

तू तेच म्हणत होतास, देव्या. शब्दाला शब्द तेच. तुझ्या तोंडून आलेलं होतं म्हणून मला ऐकू आलं नाही, एवढंच.

त्या सकाळचं भांडण काही मोठं नव्हतं. त्याहून मोठी आपण चहात साखर किती यावरून केलेली आहेत. तू म्हणालास, चल, तुझ्यासमोर उभ्या गाडीला तीनदा रेस देतो, तू फक्त बघ. मी मान वर न करता म्हणालो, "पिस्टन फुटला म्हंजे समजंल तुला. तुझ्या या नळ्यापायी माझं नाव खराब होऊन राहिलं." तू ड्रॉवरमधली आपली गॅसची गोळी चघळलीस, चावी घेतलीस आणि म्हणालास, "बरं. तूच बघशील नंतर." मी म्हणालो, "जा, जा." तू गेलास, आणि दोन मिनिटांनी परत आलास, कारण नळी राहिली होती. तेव्हा तरी काही बोलायचं. मी सोल्डरिंग करत बसलो होतो.

बाळापूरच्या रस्त्याला लिंबाच्या झाडाखाली गाडी उभी होती. इंजिन चालू, खिडकीतून आत गेलेली नळी, आणि आत मान टाकून बसलेला माणूस. फटफटीवरून जाणाऱ्या दूधवाल्यानं पहिल्यांदा बघितलं. घाबरून त्यानं नळी ओढून फेकली, चावी बंद केली आणि लोकांना हाका मारल्या. नळीचं दुसरं टोक कुठं होतं, हे नंतर त्याला सांगता येईना. त्याला दोष नाही. त्याच्या जागी मी असतो तर टेबलावरच चढलो असतो.

डॉक्टरांनी हृदयाचं लिहिलं. शीर बऱ्याच दिवसांपासून बुजत आली होती म्हणाले. छातीतली कळ, महिनाभर जिला आपण दोघं गॅस म्हणत होतो, ती ही. आता फाट्यावर एक जण म्हणतो, देविदासला गाडीचं ऐकू आलं पण स्वतःच्या छातीचं ऐकू आलं नाही. मला ते वाक्य आवडत नाही. फार घासूनपुसून केल्यासारखं वाटतं. गोळ्यांची पट्टी माझ्याही ड्रॉवरमध्ये होती, मी पण ऐकलं नाही.

पण डॉक्टरांच्या कागदावर गावाचं भागत नाही. चालू गाडी आणि नळी एवढं लोकांना पुरलं; नळीनं गाडीचा धूर आत घेऊन तू जीव दिलास, असं त्यांनी ठरवून टाकलं. "डाक्टर काय, घरच्यायसाठी तसं लिहून देतात," असं आधी चहाच्या टपरीवर झालं, मग तांड्यावर पोचलं. मी भेटेल त्याला सांगत होतो, अरे ती ऐकायची नळी आहे, कान लावायची. लोक ऐकून घ्यायचे आणि माझ्याकडं कीव आल्यासारखे बघायचे. अशा नजरा चार-आठ दिवस झेलल्या आणि मग माझंच मन मला खायला लागलं. तू अलीकडं दुपारचा आडवा व्हायचास. जेवताना अर्धी भाकर ठेवायचास. बोलणं कमी झालं होतं. आणि शेवटी मी काय बोललो, तर जा, जा. तुला वीस वर्षं ओळखतो असं छाती ठोकून सांगणारा मी, खात्रीनं एक वाक्य बोलू शकत नव्हतो.

तुझे दिवस झाल्यावर कमलवहिनींनी मला बाजूला बोलावलं. याडी दाराशी बसलेली, पोरं आत.

"प्रकाशभाऊ, खरं सांगा. ते रागानं गेल्ते का?"

"थोडं बोलाचाली झालती, वहिनी."

"नळी काहून नेली?"

"ऐकायला. इंजिन ऐकायला."

"तुमाला पक्की खात्री हाय?"

मी म्हणालो, गाडीत लॉगर होता, त्यात दिसेल.

"मंग पाहिलं काहून न्हाई?"

भ्यालो, म्हणालो. त्या म्हणाल्या, "पाहा. अन् जे असंल ते आधी मला सांगा. शाळेत लेकरायला पोरं कायबाय इचारून राहिले. त्यांच्या बापाचं काय झालं हे कोनत्या तोंडानं सांगू, ते मला ठरवू द्या." आवाज चढलेला नव्हता. त्यामुळं जास्त लागलं.

तर अठराव्या दिवशी कार्ड लावलं. पहिली आठ-नऊ मिनिटं तू गाडी चालवली आहेस. वेग साठच्या वर एकदाही गेलेला नाही. एक्सलेटर पाव हिश्श्याच्या पुढं नाही. टर्बोला तू जागंसुद्धा केलं नाहीस. "पळवून राहिला असंल, मधेच इंजिन बसलं असंल, धसका घेतला असंल," असं म्हणणारे पण होते, त्यांचं तोंड तिथं बंद झालं. इंजिन कुठंही अडखळलं नाही. मग वेग हळूहळू उतरत शून्यावर आलेला आहे, एखाद्या म्हाताऱ्याला उतरवायला थांबावं तसा. मग गाडी उभी, इंजिन चालू. आणि मग तीन उसळ्या. आरपीएम तीन हजारावर, दहा-बारा सेकंद धरून ठेवलेला, खाली. परत वर, परत खाली. परत वर, परत खाली. तिन्ही वेळा नॉकची रेघ उभी. त्यानंतर अकरा मिनिटं इंजिन आपलं शांत चालू आहे, आणि मग दूधवाल्यानं चावी फिरवली तिथं सगळ्या रेघा संपतात.

तू म्हणालेला तीन वेळचा प्रयोग तू केला होतास, हे मला दिसत होतं. पण खोटं कशाला बोलू, मला लोकांच्या डोळ्यांनीही दिसत होतं. उभी गाडी, खिडकीतून नळी, आणि रेस. ज्याला भलता अर्थ काढायचा आहे त्याला हे आणखीच फावणार होतं. त्या तीन उसळ्यांवरून माझी नजर हलेना. वहिनींना काय दाखवायचं? पण शब्द दिला होता. लॅपटॉप पिशवीत घातला आणि तांड्यावर गेलो.

वहिनी अंगणवाडीत सेविका आहेत हे मी विसरलो होतो. दर महिन्याला लेकरांच्या वजनाच्या रेघा काढणारी बाई. मी समजावून सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी स्क्रीन स्वतःकडं वळवून घेतली.

"ही कोनती?"

"वेग."

"म्हंजे इथं थांबले. अन् ही?"

"आरपीएम. इंजिनाच्या फेऱ्या. इथं तीनदा रेस दिली."

त्यांनी बोट स्क्रीनच्या पार तळाशी नेलं. "अन् या तीन निळ्या टिकल्या काहाच्या?"

मी वाकून बघितलं. आरपीएमच्या प्रत्येक उसळीच्या बरोबर खाली एक, अशा तीन बारीक निळ्या खुणा होत्या. देव्या, लॉगरवर ते निळं बटण आहे ना, दाबलं की त्या क्षणावर खूण पडते, ते मीच तुला शिकवलं होतं. तू त्या बटणाच्या इतका प्रेमात होतास की प्रत्येक फाईलमध्ये दहा-वीस खुणा असायच्या. मी एकाही खुणेकडं कधी बघितलं नाही. चौदा फायलींत एकदाही नाही.

"बटन दाबलं की येतात," मी म्हणालो. "त्याचा अर्थ, इथं बघ."

"कोनी बघावं?"

"मी."

"कव्हा?"

"तो परत आल्यावर. कार्ड लॅपटॉपला लावल्यावर."

वहिनींनी बोटानं मोजलं. तीन उसळ्या, तीन टिकल्या. "म्हंजे तुमाला दाखवायचं व्हतं."

"व्हय."

"वापस यायचं व्हतं त्यांना."

"व्हय, वहिनी."

त्यांनी दाराशी बसलेल्या याडीला तुमच्या बोलीत चार शब्द सांगितले. याडीनं कपाळाला हात लावला आणि ती मोठ्यानं रडायला लागली, पण ते रडणं आधीच्या रडण्यासारखं नव्हतं. वहिनी रडल्या नाहीत. उठल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "थांबा, भाकर टाकते. खाऊन जा. मला बी भूक लागली." मग आत जाऊन पोरांना काहीतरी सांगत होत्या. काय ते मी ऐकलं नाही, पण आवाज रोजचा होता.

येताना रस्त्यात फटफटी बाजूला लावून मी रडलो. दुःखानं कमी आणि सुटल्यासारखा जास्त. अठरा दिवस छातीवर जे बसलं होतं ते उठून निघून गेलं. ज्याला जीव नकोसा झालाय तो बटण कशाला दाबेल? माझ्या नाकावर टिच्चून मला खोटं पाडायचं, या इराद्यानं तू ती तीन बटणं दाबलीस. कळ आधी आली म्हणून थांबलास, की थांबून प्रयोग केल्यावर कळ आली, हे कार्डात नाही. ते तुझं तुझ्यापाशी. पण हातात बटण होतं तोपर्यंत तू खुशीत होतास, आणि भांडण जिंकत होतास. यापेक्षा तुझ्या आवडीची जागा मला दुसरी सुचत नाही.

आता पुढचं ऐक, कारण यात तुझा पण नंबर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीचं बोनेट उघडलं. तू दाखवलंसच होतंस: उभ्या गाडीत, ओझं नसताना, रेघ वर जाते. म्हणजे इंजिन ठणठणीत, बिघाड ऐकणाऱ्यात. सेन्सर कुठं असतो तुला माहीत आहे, हवेच्या नळकांड्याखाली, जिथं सरळ नजर पोचत नाही. आरसा आत घातला, बॅटरी मारली. आणि बोल्टच्या डोक्यावर लाल रेघ.

नेलपॉलिश.

आपल्या गॅरेजमधून गेलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरवर ती रेघ आहे. स्वतःच्या हातानं आवळलेल्या बोल्टावर तू वहिनींच्या नेलपॉलिशनं रेघ ओढायचास, "लाल रेघ म्हंजे माझी जबाबदारी." मग सगळं आठवलं. होळीच्या आसपास तिथली पाण्याची नळी गळत होती आणि ती तू बदलली होतीस. हात जायला जागा नव्हती, म्हणून सेन्सर काढला असणार. वायर माझ्या वाटणीची. हात लावलास म्हणून मी बोललो असतो, म्हणून तू सांगितलं नाहीस. आणि परत बसवताना ट्रॅक्टरच्या चाकाचा नट आवळावा तसा कच्चून आवळलास. त्या बोल्टाला माप ठरलेलं आहे, वीस न्यूटन-मीटर. त्याहून जास्त आवळला की सेन्सरला इंजिनाची साधी धडधडसुद्धा ठोका वाटायला लागते.

किती वेळा सांगितलं होतं की टॉर्क पाना वापर, माप झालं की तो स्वतः कट् म्हणून थांबतो. तू त्याला कटकट्या म्हणायचास. "तुझा पाना कट म्हनतो तव्हा माझा हात अजून सुरू बी झालेला नसतो." या वादात मी जिंकलो असं आजही म्हणणार नाही. काळ्या मातीत वर्षानुवर्षं हादरे खाणाऱ्या ट्रॅक्टरांचा तुझ्या हातचा एक नट कधी सैल होऊन आला नाही. फक्त हा बोल्ट ट्रॅक्टरचा नव्हता.

तो सोडवायला पान्याला पाईप लावावा लागला. तुला यथेच्छ शिव्या दिल्या, अगदी मोकळ्या मनानं, अठरा दिवसांत पहिल्यांदा. मग कटकट्यानं वीसवर बसवला. गाडी चालू केली, तीन हजारावर नेली. रेघ झोपलेली. बाळापूरच्या रस्त्यावर नेऊन पूर्ण एक्सलेटर दिला, टर्बो शीळ घालत उठला, गाडी पहिल्या दिवसासारखी झेपावली. रेघ झोपलेलीच. लिंबाजवळ आपोआप पाय उचलला गेला, तेवढंच. म्हणजे माझा मॅप बरोबर होता. तुझा कान बरोबर होता. होळीपासून आपण दोघं भांडत होतो ते तुझ्या मनगटापायी.

वहिनींना फोन केला. बोल्टाचं आणि त्यावरच्या त्यांच्या नेलपॉलिशचं सांगितलं. मग म्हणाल्या, "ती बाटली माझ्या भाचीच्या लग्नात घेतल्ती. सापडंना म्हनून मी घर उलथं केलं, तर हे म्हनले, तुझ्या बहिनीनं नेली असंल. मी दोन वर्सं तिला मनातून बोल लावून राहिले." आणि हसल्या. हसता हसता कधी रडायला लागल्या ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसेल. शेवटी नाक पुसत म्हणाल्या, "म्हंजे चूक त्यांचीच."

"व्हय."

"अन् बराबर बी तेच."

"व्हय."

बाटली तुझ्या पेटीत सापडली, पान्यांच्या खाली, चिंधीत गुंडाळलेली. तळाला थोडं उरलंय. परत देऊ का विचारलं, तर राहू द्या तिथंच म्हणाल्या.

तुला मी कधी 'तुझं बरोबर आहे' म्हटल्याचं मला आठवत नाही. आपल्यात तसं बोलायची रीतच नव्हती. तू पण माझा मॅप चांगला झालाय असं म्हणाला नाहीस, फक्त ओरडलास, आणि मला ते पुरलं होतं. मला वाटायचं, बोलायला काय, पुढं केव्हा तरी बोलू. जा, जा हे मी मागं घेतो. उशीर झालाय, पण घेतो.

एक काम राहिलं होतं, ते आत्ता केलं. तुझी पंधरावी फाईल लॉगरनं दिलेल्या आकड्यावरच पडून होती, तिला नाव द्यायचं होतं. तिला 'प्रकाश चूक १' असं नाव दिलं. एक लिहिलं, कारण पुढं आणखी होतीलच, आणि त्या दाखवायला खुर्चीमागं तू नसशील. मग फाईल उघडून पार तळाशी गेलो आणि तिन्ही टिकल्यांवर एकेक करून थांबलो. तू म्हणाला होतास, तूच बघशील नंतर. बघितलं, देव्या.